वाहन प्रकार : टेम्पो

पावत्या दोन आहेत. पहिली अजून डॅशबोर्डवर पडलीय. मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या वाहनतळाची, गुलाबी, चुरगळलेली. ‘वाहन प्रकार’ या रकान्यात निळ्या शाईने ‘टेम्पो’. माझ्या पाच दारांच्या, हप्ते फिटलेल्या हॅचबॅकला! चारचाकी तीस रुपये, टेम्पो साठ. तीस रुपयांसाठी माणसाने किती दिवस जळावं? माझा आज चौथा दिवस.

गुन्हा एवढाच, की मी गाडीला शेपटी लावली. छप्पर आणि दोन्ही कुशी मागे 60 सेंटिमीटर निमुळत्या करत नेणारा पोकळ खोका. हॅचबॅकची पाठ सुरीने कापल्यासारखी असते. तिथे हवेला वळता येत नाही, ती सुटते, भोवरे होतात, दाब उतरतो आणि गाडी मागे ओढली जाते. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने 1930 च्या दशकात दाखवून दिलं, की थेंबासारखी पुरी लांब शेपटी नसली तरी चालतं. निमुळती करत आणायची आणि मध्येच छाटायची, बराचसा फायदा तेवढ्यात पदरात पडतो.

हे मी जेटीवर जाळं सांधत बसलेल्या एका आबांना सांगायला गेलो.

“गाडयेक शेपूट?” सुई थांबली.

“हवेसाठी, आबा. पेट्रोल वाचतं.”

“हवा फुडसून अडता. शेपूट मागे कित्याक?”

मी होडीचं उदाहरण दिलं. इथे चुकलो. कोकणात किनाऱ्यावरच्या माणसाला होडी समजावू नये.

“होडयेचा तू माका सांगतंस?” आबा उठलेच. “पाणी अंगाक चिकटान ऱ्हवाक होया. सुटला काय भोवरो. भोवरो होडयेक मागे ओढता.” माझं अख्खं व्याख्यान त्यांनी तीन वाक्यांत उरकलं. मग छपराच्या सांध्यावरून बोट फिरवलं. “हय पट्टी वर इलीहा. हवा हयच सुटतली.” खरं होतं. शीट छपराच्या चार मिलिमीटर वर उभी होती. तो सांधा सपाट नसेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त लागलं.

आबा वाकून आत डोकावले. “हयसर काय ठेवतंस? बांगडे?”

“काही नाही. पोकळ आहे.”

“कायच नाय?” इतक्या करुणेने माझ्याकडे घरच्यांनीही कधी पाहिलं नसेल. “बरा, माशाक शेपूट असता ता हलवूक. तुजा हलता?”

“नाही हो, घट्ट बसवलंय.”

आबांनी दोन्ही हातांनी धरून हलवलं. हललं. “हलता!” ते आनंदाने ओरडले आणि पलीकडच्या तिघांना हाक मारली. चौघांनी आळीपाळीने हलवलं.

हलणारच. साधे नट खड्ड्यांत सैल होतात, नायलॉक नट हवेत. शिवाय इथली खारी हवा. ॲल्युमिनियमच्या अँगलला स्टीलचे स्क्रू मारले की सांध्याशी ॲल्युमिनियमच झिजतं, पांढरी भुकटी सुटते, भोक मोठं होतं. मध्ये नायलॉनचा वॉशर टाकावा किंवा सरळ ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट मारावेत. सांगाडा 20 मिलिमीटरच्या अँगलचा, वर निवडणुकीच्या फलकांना वापरतात ती 4 मिलिमीटरची पन्हळी प्लॅस्टिक शीट, पन्हळी लांबीच्या दिशेने. सायलेन्सरभोवती वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर शीट वितळून लोंबते.

खरी मेख कोनात असते. कुशी 10 अंशांनी आत घ्यायच्या, म्हणजे 60 सेंटिमीटरात साधारण साडेदहा सेंटिमीटर. छप्पर आधी आहे त्याच उताराने न्यायचं आणि हळूहळू 12-15 अंशांपर्यंत झुकवायचं. सुतार ‘दिसायला बरं’ म्हणून एकदम 25 अंशांना पाडतो आणि हवा पहिल्याच काठाला सुटते. तपासायला लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवायचे आणि मागच्या गाडीतून कुणाकडून तरी चित्रण करून घ्यायचं. लोकर सपाट मागे पडली तर जमलं. गोल फिरली की कोन चुकला.

वाहनतळावरच्या पोराला लोकरीशी देणंघेणं नव्हतं. त्याने गाडी पावलांनी मोजली, “लांब हा,” म्हणाला आणि टेम्पो लिहिलं. मी म्हटलं, लांबीवर टेम्पो ठरत नाही. त्याने मागे बघितलं. रांगेत सहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. दिले साठ. बरं, जास्त ताणणंही परवडणारं नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत परस्पर फेरफार करू देत नाही, आणि पोराऐवजी हवालदार असता तर पावती गुलाबी नसती.

आता हिशोब. एक टनाच्या गाडीला टायरचा विरोध साधारण 120 न्यूटन. हवेचा ताशी 40 ला जेमतेम 50, ताशी 80 ला 200 च्या आसपास. शेपटीने त्यातला दहावा भाग वाचला तर लिटरला 20 देणारी गाडी फार तर 21 च्या जरा वर जाते. शंभर किलोमीटरमागे पाव लिटरच्या आसपास, म्हणजे तीसेक रुपये. शंभर किलोमीटरची कमाई त्या पोराने एका पावतीत खाल्ली.

आणि ते शंभर किलोमीटर ताशी 80 ने कुठे चालवायचे, हेही कुणीतरी सांगावं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम 2011 मध्ये सुरू झालं, आणि त्या रस्त्याचं नाव काढलं की अजून माणसं वळणरस्ते आणि खड्डेच सांगतात. हवेचा विरोध ही चैन आहे, ती गुळगुळीत रस्तेवाल्यांनी करावी. इथे शेपटीची परीक्षा हवा घेत नाही, खड्डे घेतात.

परवा शेपटी उतरवली. सहा विंग नट, दहा मिनिटं. तिन्ही शीट सुट्या करून मागच्या सीटवर आडव्या टाकल्या आणि मुद्दाम त्याच वाहनतळावर गेलो. तोच पोरगा. त्याने गाडी पावलांनी मोजली, समाधानाने मान हलवली, मग काचेला नाक लावून आत बघितलं.

“माल हा काय?”

दुसरी पावतीही साठचीच आहे.