चित्रकलेचा तास ‘ऑफ’ असतो म्हणे

आज लेकीच्या शाळेत पालकसभा होती. पुढच्या सत्राचं वेळापत्रक वाचून दाखवलं. त्यात चित्रकलेचे आठवड्याचे दोन्ही तास स्कॉलरशिपच्या सरावाला देऊन टाकलेले. मी हात वर करणार तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, "बरं केलंत. तो तसाही ऑफ तासच असतो." सगळे हसले. मुख्याध्यापकही हसले. ड्रॉइंगच्या बाई तिथेच होत्या हो! स्टुलावर उभ्या राहून फळ्यावर ‘सुस्वागतम्’ची कागदी अक्षरं लावत होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. टाचण्या टोचत राहिल्या.

तेव्हापासून डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार आहे, कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरका.

त्या गृहस्थांना मला एकच नाव ऐकवायचं होतं. विष्णु श्रीधर वाकणकर. उज्जैनचे हरिभाऊ. जन्म ४ मे १९१९, नीमचचा, घर मराठी. १९७५ ची पद्मश्री. त्यांच्याबद्दल कुठेही वाचायला जा, ‘थोर पुरातत्त्वज्ञ’ असं येतं, ‘भीमबेटकाचे शोधक’ (भोपाळजवळच्या त्या चित्रांच्या गुहा) असं येतं, आणि चित्रकार हा शब्द आलाच तर छंदासारखा, शेवटच्या ओळीत. अरे, माणूस आधी चित्रकार होता! चित्रकला शिकवत होता. उज्जैनला भारती कला भवन काढून पोरांच्या हातात पेन्सिली देत होता, आणि त्याच पोरांना घेऊन रानावनात, नदीकाठी, टेकाडांवर भटकत होता. पुरातत्त्व त्यांना कागद-पेन्सिलीच्या वाटेवर भेटलं. आपण मात्र वाट पुसून टाकली आणि मुक्काम तेवढा ठेवला.

१९५७ ची गोष्ट सांगतात. हरिभाऊ रेल्वेने भोपाळच्या दिशेने चालले होते. खिडकीतून विंध्याच्या रांगेत खडकांचे काही विचित्र आकार दिसले. गडी उतरला आणि तिकडे चालत गेला. आता मला सांगा, त्या डब्यात काय ते एकटेच होते? डबाभर माणसं असणार. वकील असतील, साहेब असतील, स्कॉलरशिपा मिळवलेलेही असतील की. डोंगर सगळ्यांच्याच खिडकीतून गेले.

तिथे, म्हणजे भीमबेटकाला, काय निघालं हे आता जगाला ठाऊक आहे. सातशेच्या वर शैलाश्रय, म्हणजे माणसाने आसरा घेतलेल्या खडकातल्या कपारी, त्यातल्या चारशेहून अधिकांत चित्रं. गवे, चितळ, रानडुकरं, हत्ती, मोर, धनुष्य ताणलेली माणसं, हात धरून नाचणारी रांग, नंतरच्या काळातले घोडेस्वार. सगळ्यात जुनी चित्रं दहा हजार वर्षांच्या आसपासची मानतात. २००३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. हो, ठाऊक आहे, लगेच कुणीतरी लिहील की तिथल्या आदिवासींना ती जागा आधीपासून माहीत होतीच. होतीच. १८८८ च्या लेखी नोंदींतसुद्धा भीमबेटकाचं नाव आहे, स्थानिकांकडून ऐकून ‘बौद्ध ठिकाण’ म्हणून लिहिलेलं. नाव कागदावर आल्यावर चित्रं जगापुढे यायला आणखी सत्तर वर्षं लागली, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं मला कॉलेजात नाही कळलं. आठवीत कळलं, आमच्या ड्रॉइंगच्या सरांकडून.

सर म्हणजे एटीडी, कलाशिक्षकाची पदविका, झालेले साधे मास्तर. खिशाला निळ्या शाईचा डाग ठरलेला. उन्हाळ्याची सुट्टी लागली की माणूस गायब. कधी अजिंठा, कधी पितळखोरं, कधी भोपाळकडची रानं. जूनमध्ये उन्हाने काळा होऊन परत यायचा आणि पिशवीत वह्याच वह्या. मुलांना स्थिरचित्र, संकल्पचित्र, मुक्तहस्त असं सगळं परीक्षेपुरतं शिकवून झालं की सरांचा खरा तास सुरू व्हायचा. एकदा त्यांनी आम्हाला सायकल स्टँडमागच्या भिंतीपाशी नेलं. गेरू कुटायला लावला, त्यात डिंकाचं पाणी. ब्रश नाहीत. कडुलिंबाच्या काड्या चावून त्यांचे कुंचले करायचे. म्हणाले, "घरचं जनावर काढा. बघून नाही, आठवून."

आम्ही गाई काढल्या, कुत्री काढली, सगळ्यांच्या गाईला पाचवा पाय वाटावी अशी शेपटी. आमच्या वर्गात एक धनगराची मुलगी होती. तिने मेंढी काढली, आणि मेंढीच्या पोटात आणखी एक बारकी मेंढी. सगळा वर्ग फिदीफिदी. तिचं तोंड गेरूसारखं झालं. सर काहीच बोलले नाहीत. तिच्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि घंटा झाल्यावर आम्हाला वर्गात पिटाळलं.

थांबा, त्या मेंढीकडे परत येते. आधी हा भूतकाळाचा नाद लागलेल्या चित्रकारांचा विषय संपवू द्या, कारण वाकणकर काही आकाशातून पडलेले नाहीत. आपल्याकडे ही एक जुनी जमातच आहे. अजिंठ्याचंच घ्या. १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाचा लष्करातला माणूस त्या अंधारात बसून भित्तिचित्रांच्या प्रती करत राहिला, आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जाऊ लागले. विद्यार्थ्यांना घेऊन, हे लक्षात घ्या! पेस्तनजी बोमनजींसारखी मुलं तिथे पदर, डोळे, बोटं उतरवून घ्यायला शिकली. तेरा वर्षं काम चाललं. १८८५ मध्ये लंडनलाच पुन्हा आग लागली आणि त्यातल्याही कितीतरी प्रती गेल्या. असं दोनदा झालं तरी पुढेही चित्रकार जातच राहिले. गुहेच्या तोंडाशी झोपून, मधमाश्या अंगावर घेऊन. यांना ‘ऑफ तास’वाले म्हणायचं का?

लगेच उत्तर येईल, "आता फोटो निघतात की." निघतात. पुसट झालेला रंग उजळून दाखवणारी सॉफ्टवेअरंही आलीत, आणि ती उत्तम काम करतात, नाही म्हणत नाही. पण भीमबेटकाला एकाच खडकावर हजारो वर्षांत कितीतरी हात फिरलेत. पांढर्‍या हत्तीवर तांबडा घोडेस्वार, त्याच्या खालून डोकावणारं हिरवट काहीतरी. कॅमेरा सगळं एका झटक्यात टिपतो. हाताने उतरवणार्‍याला मात्र प्रत्येक रेषेपाशी ठरवावं लागतं, ही वरची की खालची? हे शिंग या प्राण्याचं की त्या? कोण आधी आलं? ठरवता ठरवता काळाचे थर सुटे होतात. हरिभाऊंनी हेच केलं. आयुष्यभर, हजारो रेखाटनं. हे काम आधी चित्रकाराच्याच हाताला सुचायचं. त्यांच्यानंतर भीमबेटकाचा बारकाईने अभ्यास करणारे यशोधर मठपाल, तेही पेशाने चित्रकारच. एकेका शैलाश्रयासमोर बसून त्यांनी हजारो आकृत्या जलरंगात उतरवल्या आणि त्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पीएचडी केली.

आणि हो, मठपालांचं आणि वाकणकरांचं सगळं जुळत नाही. हरिभाऊ काही चित्रं जितकी जुनी म्हणायचे तितकी मठपाल धरत नाहीत. हरिभाऊंचे बाकीचेही काही निष्कर्ष आज सगळे मानत नाहीत, त्यांचे राजकीय विचार तर माझ्या कितीतरी मित्रांना पटणार नाहीत. बरं. मग? उज्जैनजवळचं कायथा त्यांनीच शोधलं ना? इसवीसनापूर्वी २४०० च्या आसपासची तांब्याची नि दगडाची हत्यारं वापरणारी एक अख्खी ताम्रपाषाण संस्कृती आज त्या गावाच्या नावाने ओळखली जाते. तीही त्या टेकाडावरून रोज ये-जा करणार्‍यांच्या पायाखालीच होती. खापराचा तुकडा उचलून त्याचा काठ, त्याचा रंग, त्यावरची पट्टी निरखायला डोळा तयार व्हावा लागतो. तो कुठे तयार होतो? स्कॉलरशिपच्या सराव वहीत?

हां, तर मेंढी.

दुसर्‍या दिवशी सर सुट्टीतल्या भटकंतीची एक जाडी वही घेऊन आले. मधलं एक पान उघडून पहिल्या बाकावर ठेवलं आणि म्हणाले, एकेकाने येऊन बघा, बोलायचं नाही. मध्य भारतातल्या कुठल्याशा खडकावरून उतरवलेली हरणी होती. पोट आरपार दिसत होतं आणि पोटात पाडस. सर म्हणाले, "हे काढणार्‍याला माहीत होतं आत काय आहे. डोळ्याला दिसतं तेवढंच काढायचं, हे नंतर आलं." मग त्या मुलीला विचारलं, "तुला कसं कळतं गं मेंढी गाभण आहे ते?" आणि ती पोर, जी वर्गात कधी तोंड उघडत नसे, तब्बल अर्धा तास बोलली. पोटाला हात कुठे लावायचा, चाल कशी बदलते, कास कधी भरते. सर खाली मान घालून वहीत लिहून घेत होते.

लिहिताना आत्ता राग थोडा उतरलाय. सरांचा चेहरा आठवला की उतरतोच.

आता ती भिंत. पुढच्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष येणार होते. भिंतीला चुना मारला. मारायला कुणाला लावला? सरांनाच. "तुम्हीच घाण केलीत, तुम्हीच साफ करा." शिवाय अध्यक्षांच्या स्वागताचा बोर्ड, व्यासपीठाची सजावट, प्रमाणपत्रांवर वळणदार अक्षरात नावं, मैदानावर फक्कीच्या रेघा, हे सगळं होतंच. ड्रॉइंग मास्तर म्हणजे शाळेचा फुकटचा रंगारी. तेव्हाही, आजही. फरक एवढाच की तेव्हा त्यांना निदान पूर्ण पगाराची नोकरी होती. आज कितीतरी ठिकाणी कलाशिक्षक तासिका तत्त्वावर, आणि तासिकाच काढून घेतली की पुढे काय ते तुम्हीच समजा. आज त्या बाई मागे वळल्या नाहीत, त्यामागे हा हिशेबही असणार.

याच पालकांना दहावीच्या आधी मात्र चित्रकलेचा उमाळा येतो बरं का. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा दिल्या की ग्रेडचे वाढीव गुण मिळतात ना! तेव्हा क्लास लावतात, तेव्हा ‘कला माणसाला घडवते’ वगैरे स्टेटस ठेवतात. मेंढीवाली मुलगी एलिमेंटरीत नापास झाली होती, तेही सांगून ठेवते. स्थिरचित्रातला तांब्या तिला जमला नाही. सरांनी तिला पुन्हा बसवलं की नाही, आठवत नाही. नववीत तिचं लग्न झालं आणि विषय संपला. तो राग वेगळा, त्यावर वेगळी पोस्ट लागेल.

"पण चित्रकलेवर पोट भरतं का?" बहुतेकांचं नाही भरत. मान्य, मान्य, मान्य. आमचे सर कर्जातच निवृत्त झाले. मुलाने वह्या ठेवल्या की विकल्या, विचारायचं धाडस माझ्याने झालं नाही. हरिभाऊही काही बंगले बांधून गेले नाहीत. १९८८ मध्ये सिंगापूरला गेलेले असताना तिथेच वारले. पण गणितावर तरी कितीजणांचं पोट भरतं हो? मी स्वतः बँकेत आहे, बेरीज मशीन करतं. मला रोज उपयोगी पडतं ते वेगळंच. समोरचा सही करताना अडखळला, कागदावरचा शिक्का जरा तिरका आहे, फोटोतल्या माणसाचा कान आणि समोरच्या माणसाचा कान जुळत नाही. हे बघणं मला त्या चुना मारलेल्या भिंतीसमोर लागलं.

सोमवारी रजा टाकली आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देणार, दोन्ही तास परत द्या म्हणून. त्याच शाळेतले पालक इथे आहेत त्यांनी सही करायला या, नुसते बदाम टाकून जाऊ नका. आज हसलेल्यांनीही या.

आणि सुट्टीत भोपाळला जाणार असाल तर पंचेचाळीसेक किलोमीटरवर भीमबेटका आहे, पोरांना न्या. त्यांच्या हातातला मोबाइल काढून वही द्या, एक तरी गवा उतरवून आणू देत, वाकडा आला तरी चालेल. तिथे कुणी चित्र उजळून दाखवतो म्हणून खडकावर बाटलीतलं पाणी मारायला निघाला, तर सरळ हात धरा त्याचा. त्या पाण्याने रंग जातो. भांडण झालं तर होऊ द्या.