कास्पारोव्ह, कार्लसन आणि ‘पारावरचे पंडित’

महोदय,

गॅरी कास्पारोव्ह हाच आजवरचा सर्वश्रेष्ठ बुद्धिबळपटू, या माझ्या लेखावर आपण एवढी लांब प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपल्या मते तो मान नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनचा. कार्लसनचे २८८२ हे गुणांकन (खेळाडूचे बळ मोजणारा आकडा) इतिहासातील सर्वोच्च आहे आणि कास्पारोव्ह २८५१च्या वर गेला नाही, हे आपले म्हणणे बिनचूक आहे, ते मान्य.

परंतु “खेड्यातल्या पारावर प्यादी सरकवणाऱ्यांनी विश्वविजेत्यांना तोलू नये” हे वाक्य लिहिण्याची काय गरज होती? दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी नागपूरचे वर्तमानपत्र दुपारच्या एस.टी.ने येत असे. १९८७ साली स्पेनमधील सेव्हिल येथे कास्पारोव्ह आणि कार्पोव्ह यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चोविसावा डाव त्यात छापून आला, तेव्हा हरवलेल्या उंटाच्या जागी शाईच्या दौतीचे बूच ठेवून मी तो मांडला होता. आदल्याच डावात हरून एका गुणाने मागे पडलेल्या कास्पारोव्हला जगज्जेतेपद राखण्यासाठी हा शेवटचा डाव जिंकणेच भाग होते; बरोबरी उपयोगाची नव्हती. डाव तहकूब होऊन दुसऱ्या दिवशी पुढे चालला आणि वजीर-उंट विरुद्ध वजीर-घोडा अशा स्थितीत, एका जादा प्याद्याच्या बळावर, त्याने कार्पोव्हला ६४व्या चालीला हार मानायला लावली. ते बूच पटावरच्या घराघरांतून सरकवत मला जे उमगले, त्यासाठी पुण्या-मुंबईचा रहिवासी दाखला लागत नाही. शिवाय २०२५ साली बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख नागपूरचीच आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरलात.

इंजिनाच्या (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीच्या) कसोटीवर कार्लसनच्या चाली अधिक अचूक ठरतात म्हणे. इंजिन समोर ठेवून घडलेल्या पिढीच्या चाली इंजिनाशी जुळल्या, तर त्यात नवल ते काय? अमेरिकन जगज्जेता बॉबी फिशरचा उल्लेख आपण उगाच मध्ये आणलात. १९७५ साली तो किताब राखायला पटावर बसलाच नाही. कार्लसननेही २०२३ साली आपला किताब लढतीविनाच सोडला. कास्पारोव्ह मात्र १९८४ ते १९९० या काळात एकट्या कार्पोव्हशीच किताबासाठी पाच सामने खेळला, आणि २००० साली क्रामनिकपुढे किताब गमावला तोही खेळून.

आपल्या प्रतिक्रियेच्या अखेरच्या चार ओळी माझ्या शिक्षणाविषयी आहेत. सध्या तुरीच्या फवारणीचे दिवस असल्याने त्यांना उत्तर देण्यास मला सवड नाही.