वेळापत्रकावर वाढणारं मूल

जळगावला झालेल्या आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं चित्रीकरण भावाने पाठवलं. परिचय संपल्यावर एक ज्येष्ठ कार्यकर्ते वाढत्या घटस्फोटांवर बोलायला उभे राहिले. मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, त्यांच्या आया रोज फोनवरून लेकीच्या संसारात लक्ष घालतात, आणि वर पश्चिमेचं वारं लागलं, ही त्यांनी दिलेली कारणं. शेवटी म्हणाले, ‘तिकडच्या लेकरांना घर नसतं, वेळापत्रक असतं.’ मंडपात टाळ्या पडल्या.

त्या टाळ्या मला अजून खुपतात, कारण माझा घटस्फोट झाला आहे आणि माझा मुलगा इथे जर्मनीत त्याच वेळापत्रकावर वाढतो आहे. एक आठवडा माझ्याकडे, पुढचा वडिलांकडे. शुक्रवारी होर्टमधून, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरातून, तो परस्पर त्या घरी जातो. वडील लिंडेन भागात राहतात, ट्रामने फार लांब नाही. दोन्ही घरांत त्याचा पलंग आहे, त्याची पुस्तकं आहेत. फुटबॉलचे बूट मात्र नेहमी चुकीच्या घरी राहतात आणि सरावाच्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणीतरी ते घेऊन धावतं. त्याच्या वर्गात अशी आणखी मुलं आहेत. पालकसभेला त्यांचे आईवडील दोघंही येतात, शेजारी बसतात, आणि कुणी माना वळवून बघत नाही. माझ्या गावी, अमळनेरला, हे घडलं असतं तर पुढचे कित्येक दिवस लोकांना दुसरा विषय सुचला नसता.

आता माझ्या चुलतभावाच्या मुलीचं वेळापत्रक सांगते. ती आईबरोबर मामाकडे राहते. ताब्याचा अर्ज कोर्टात झाला तेव्हा ती बालवाडीत होती, आता पाचवीत आहे. कधी वकील आले नाहीत, कधी साहेबांची बदली झाली, कधी नुसतीच पुढची तारीख. तोवर एक शनिवार सोडून एक, कोर्टाच्या आवारात भेट. दाराशी मामा उभा. काकू घरून शेव-लाडूंचा डबा घेऊन जाते. पोरगी प्रत्येक उत्तर मामाच्या तोंडाकडे बघून देते आणि डबा न उघडता परत करते. भाऊ घरी येऊन जेवत नाही. या मुलीलाही वेळापत्रकच आहे ना? फरक इतकाच की ते तिच्यासाठी कुणी बसून केलेलं नाही.

जर्मनीत मुलाच्या ताब्याचा किंवा भेटीचा प्रश्न कोर्टात गेला, तर पहिली सुनावणी महिन्याभरात लावावी असा कायदाच आहे. घटस्फोट झाला तरी पालकत्व दोघांकडे राहतं, १९९८पासून. आईला आणि वडिलांना भेटणं हा आधी मुलाचा हक्क मानतात, मग आईवडिलांचा. आमच्या वेळी न्यायाधीश बाईंनी मुलाला एकट्याला आत बोलावलं. पाच वर्षांचा होता. त्याने काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला मोजक्या शब्दांत कळवलं, आणि त्यानंतर आमच्या दोघांच्या वकिलांचा आवाज खाली आला. युगेंडआम्ट म्हणजे इथलं सरकारी बालकल्याण कार्यालय. त्याबद्दल आपल्याकडे काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे, बर्लिनला आईवडिलांपासून काढून घेतलेल्या त्या भारतीय बाळाच्या प्रकरणापासून तर फारच. मला भेटलेली तिथली बाई आमच्या स्वयंपाकघरात बसून मुलाशी खेळली आणि तो रात्री कुणाशेजारी झोपतो ते विचारून गेली.

भारतातला कायदा मी टाकाऊ म्हणत नाही. एक वर्ष वेगळं राहण्याची अट इथेही आहे, आपल्याकडे परस्परसंमतीच्या घटस्फोटालाही आहे. पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे, असं १९५६चा हिंदू पालकत्वाचा कायदा सांगतो. पण त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई आहे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या ‘नंतर’ची धार कमी केली, तरी कलम तसंच आहे. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७व्या अहवालात दोघांनी मिळून ताबा सांभाळण्याची शिफारस केली. ती कायद्यात आलेली नाही. अजूनही ताब्याचे अर्ज १८९०च्या कायद्याखाली होतात. त्या मंडपातल्या कार्यकर्त्यांनी यावर एक वाक्य बोलायला हवं होतं. ते बोलले मुलींच्या आयांच्या मोबाइलवर.

आणि पश्चिमेचं वारं कसलं? खानदेशात कितीतरी जातींमध्ये पाट, म्हणजे बाईची दुसरी लग्नं, लागत होते. पंच बसायचे, फारकत व्हायची, बाई पुन्हा नांदायला जायची. नंदुरबारकडच्या भिल्ल कुटुंबांत पंचांसमोर देजाचा, म्हणजे मुलीसाठी दिलेल्या रकमेचा, हिशोब होऊन नवरा-बायको वेगळे होत आले आहेत. संसार मोडणं आपल्याला कुणी शिकवायला नको होतं. मोडल्यावर पोराला दोन्ही घरं कशी ठेवायची, हे मात्र आपण शिकलो नाही, कारण मूल बापाच्या कुळाचं, हे आधीच ठरलेलं.

आमच्याकडे कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात. आमचा घटस्फोट झाला तरी माझ्या मुलाच्या नावाची मूठ धुळ्याला त्याची आजी दर श्रावणात घेते. मला फोन करून सांगतेही, आणि मला बरं वाटतं. चुलतभावाच्या घरचे मात्र ‘आमच्या कुळाचं लेकरू’ म्हणून कोर्टात भांडतात, आणि त्या लेकराच्या नावाची मूठ तिथे कधीच घेतली गेली नाही, ती मुलगी आहे म्हणून. काकूला मी हे विचारलं तेव्हा ती गप्प बसली. तिचं त्या पोरीवर जीवापाड प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही.

माझ्या वेळापत्रकाची किंमतही सांगते, नाहीतर मी इथलं सगळं गोड करून सांगते असं वाटेल. मुलाला घेऊन भारतात यायचं तर त्याच्या वडिलांचं सहीचं संमतिपत्र सोबत लागतं. पळवलेली मुलं परत पाठवण्याचा १९८०चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. मी मुलाला अमळनेरला ठेवून घेतलं तर इथल्या आदेशाच्या जोरावर त्याला परत आणणं सोपं नाही, असं त्यांच्या वकिलाने माझ्यासमोर सांगितलं. माझ्या गावाबद्दल परक्या माणसाने असं बोलावं, याचा मला फार राग आला. पण वडील त्याला धुळ्याला नेतात तेव्हा मीही तसंच पत्र करून घेते, परतीच्या तारखेसकट, आणि विमान उतरेपर्यंत मला झोप लागत नाही. ज्या खानदेशाच्या नावाने माझ्या डोळ्यांत पाणी येतं, तिथे माझा मुलगा गेला की मी घाबरलेली असते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

आई आता अमळनेरला एकटी आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या सगळ्या लेकी येतात, झोके बांधले जातात, आणि बायका आईला विचारतात, ‘पोऱ्या कोनाजोडे ऱ्हास?’ ती सांगते, दोन्हीकडे. त्यांना पटत नाही. मी परत यावं असं तिला वाटतं, मलाही वाटतं. पुण्यात काम मिळेल. पण वडिलांच्या संमतीवाचून मुलाला इथून हलवता येत नाही आणि मी त्याला सोडून येणार नाही. लोक म्हणतात, हिला जर्मनी आवडली. तो अठरा वर्षांचा होईपर्यंत माझं गाव त्याच्या शाळेवरून ठरणार आहे, आणि हे मी समजून-उमजून स्वीकारलं आहे.

म्हणून त्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या मेळाव्यात ठराव करायचाच असेल तर असा करा: समाजाच्या बैठकीत नवरा-बायकोचं भांडण आलं की मानपान, दागिने, दिल्या-घेतल्याचा हिशोब काढण्याआधी मूल कुठल्या दिवशी कुणाकडे राहील ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. मामांनी आणि काकांनी त्या वेळी बाहेर थांबायचं. शाळा-दवाखान्याचं दोघांना सारखं कळवायचं. कोर्टातला निकाल लागेल तेव्हा लागेल, पण पुढचा शनिवार त्या पोरीला आवारात काढावा लागू नये. समाजाची वर्गणी मी इथून दर वर्षी भरते, माझ्या मुलाचं नाव तुमच्या कुटुंबसूचीत आहे, आणि हे मागण्याचा मला हक्क आहे.