वाम, अस्वल आणि मी

घर घेताना आम्ही सगळं तपासलं होतं. स्टेशन किती मिनिटांवर, शाळा कोणती, लाकडाला वाळवी आहे का, वेंटवर्थव्हिलच्या दुकानांत भाजणी मिळते का. शेजारी तेवढे तपासायचे राहिले. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

डावीकडचे गृहस्थ पॅरामॅटाचे. सिडनीच्या या पश्चिम भागात राहणारे आम्ही सगळेच तसे पॅरामॅटाचे, पण आम्ही फक्त राहतो. ते रग्बी लीगमधल्या पॅरामॅटा क्लबचे भक्त आहेत. क्लबचं चिन्ह ईल, म्हणजे आपली वाम. पॅरामॅटा हे नावच इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलंय. वामी पडून असतात ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. क्लबला शेवटचं अजिंक्यपद मिळालं 1986 साली, त्यामुळे पडून असण्याचा भाग पुराव्यानिशी सिद्ध झालाय, असं उजवीकडचे गृहस्थ म्हणतात.

उजवीकडचे नॉर्थ सिडनीचे. चिन्ह अस्वल. हा क्लब 1908 सालचा, म्हणजे इथली रग्बी लीगची स्पर्धा सुरू झाली तेव्हापासूनचा. अजिंक्यपदं दोन, 1921 आणि 1922. दोन्ही या गृहस्थांच्या जन्माआधीची. तरी आमच्या घराण्यात अजिंक्यपदं आहेत, हे ते असं सांगतात जसं आपल्याकडे कुणी आमच्या पणजोबांना इनाम होतं म्हणून सांगतं. इनामाचं जे झालं तेच अस्वलांचं झालं. 1999 नंतर त्यांना शेजारच्या मॅनली क्लबशी संसार मांडावा लागला. तो मोडला, आणि घर राहिलं मॅनलीकडे. अस्वलं खालच्या श्रेणीत गेली. आमचे उजवीकडचे तेव्हापासून नॉर्थ सिडनी ओव्हलवर जाऊन खालच्या श्रेणीचे सामने बघतात आणि वरच्या श्रेणीतल्या सगळ्यांना नावं ठेवतात.

इथे सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात. माझी जीभ काही त्याला तयार होत नाही. म्हणून तोंडावर दोघांनाही नुसतं 'गुड मॉर्निंग', आणि घरात वामकाका आणि अस्वलकाका.

दोघांच्या मधोमध आमचं अंगण. डावीकडचं कुंपण छातीएवढं, उजवीकडचं त्याहून जरा उंच. वाद डावीकडून निघतो, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीवरून जातो आणि उजवीकडे पोचतो. तिथून दुप्पट आवाजात परत येतो. मी मध्ये कपडे वाळत घालत असतो.

थोडं खेळाविषयी सांगायला हवं, कारण पुण्याहून फोन आला की मामा हमखास विचारतो, "रग्बी म्हणजे ते पंधरा जणांचं ना?" नव्हे. ते वेगळं. हे तेरा जणांचं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कामगार खेळाडूंना सामन्यापायी बुडालेली मजुरी भरून द्यावी की नाही, यावरून 1895 साली हडर्सफिल्डमध्ये क्लब फुटून निघाले, त्यातून हा खेळ झाला. चेंडू घेऊन धावायचं, समोरच्यांनी पकडून आडवं करायचं, उठून पुन्हा सुरू. सहा वेळा आडवं केलं की चेंडू दुसऱ्यांचा. ज्याने शाळेत हुतूतू खेळलंय त्याला पाच मिनिटांत कळतं. मला खेळ कळतो, वाद कळत नाहीत. ज्याचा जन्मच फुटीतून झाला त्या खेळाच्या चाहत्यांनी गुण्यागोविंदाने राहावं, ही अपेक्षाही चूकच म्हणा.

वाद दोनच. आठवड्याच्या वारांप्रमाणे ते आळीपाळीने येतात. पहिला, नवे संघ.

2023 साली ब्रिस्बेनजवळच्या रेडक्लिफचे डॉल्फिन्स आले आणि संघ झाले सतरा. मग 2024 च्या डिसेंबरात जाहीर झालं की 2028 मध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ येणार, आणि ऑस्ट्रेलियाचं सरकार त्यासाठी दहा वर्षांत 60 कोटी डॉलर देणार. यामागे चीनला लांब ठेवण्याचं राजकारण आहे, हे इथे कुणी लपवतही नाही. वामकाकांचा आक्षेप चीनबद्दल नव्हता. "आमच्या स्टेशनाची लिफ्ट बंद आहे," ते कुंपणावरून म्हणाले, "आणि हे हाफबॅक विकत घेतायत!" हाफबॅक म्हणजे संघाचा मेंदू. आहेत त्या सतरांना पुरतील एवढे मेंदू या देशात नाहीत, असं त्यांचं ठाम मत आहे. यावर अस्वलकाका म्हणतात, की पॅरामॅटाला मेंदूवाचून खेळायची सवय आहे.

त्यातही अस्वलकाकांची भूमिका सुरुवातीला कडक विरोधाची होती. नवे संघ म्हणजे खेळाचा बाजार. त्यांच्याकडे इतिहासही तयार असायचा. 1995 साली एकदम चार संघ घेतले, वीस केले. त्यातले पर्थचे वेस्टर्न रेड्स आणि ब्रिस्बेनचे क्रशर्स 1997 नंतर दिसलेच नाहीत. ॲडलेडचे रॅम्स आले आणि दोन मोसमांत गेले. पर्थला जायला विमानाने पाच तास लागतात, तिथे लोक भलतंच फुटबॉल बघतात, तिथे संघ नेणं म्हणजे वाळवंटात होडी बांधणं. हे वाळवंटातल्या होडीचं भाषण मी इतक्यांदा ऐकलं होतं, की माझी नऊ वर्षांची मुलगी ते हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवायची.

आणि 2025 च्या मे महिन्यात बातमी आली. अठरावा संघ 2027 पासून. पर्थ बेअर्स. पर्थ आणि अस्वल!

त्या दिवशी अस्वलकाका लाल-काळा मफलर गुंडाळून अंगणात आले आणि म्हणाले, "पर्थ म्हणजे फार लांब नाही."

वामकाका कुंपणापाशी दोन मिनिटं नुसते उभे राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "होडीचं काय झालं रे?" मी शर्टाला चिमटा लावला. अशा वेळी तोंडात चिमटा धरलेला बरा असतो, बोलता येत नाही.

मला खरं तर यावर बोलण्यासारखं होतं. नव्या संघांबद्दल पुणेकराला जे माहीत आहे ते या दोघांना माहीत नाही. पण ते दुःख कुंपणावर मांडायचं नसतं.

दुसरा वाद दुखापतींचा. म्हणजे खेळाडू मैदानात पडला की खेळ थांबवायचा का, किती थांबवायचा, आणि तो खरंच पडलाय का. आमच्याकडे 1761 चं पानिपत, तसं वामकाकांचं 2021 चं मॅकाय. करोनामुळे सामने क्वीन्सलँडात नेले होते. बाद फेरीत पेनरिथविरुद्ध पॅरामॅटा अगदी शेवटी 8-6 ने मागे, चेंडू त्यांच्या हातात, हल्ला रंगात आलेला. आणि पेनरिथचा एक खेळाडू मागे जखमी पडला होता म्हणून त्यांच्या प्रशिक्षकवर्गातल्या माणसाने मैदानात धावत येऊन खेळ थांबवायला लावला. पुढे त्या माणसावर कारवाई झाली आणि नियमही बदलला: ज्याच्यासाठी खेळ थांबवायला सांगाल त्याला एक तर बदला, नाही तर दोन मिनिटं बाहेर काढा. पण नियम बदलून 8-6 चे 8-10 होत नाहीत. वामकाका हे सगळं सांगताना माझ्या अंगणातल्या कुंड्या मांडून दाखवतात. पडलेला खेळाडू म्हणजे तुळस. तुळस खेळापासून किती लांब होती, हे ते पावलांनी मोजतात.

"तुळशीला खरंच लागलं असेल तर?" असं मी एकदाच विचारलं. पुन्हा विचारलं नाही.

अस्वलकाकांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते हल्ली कुणालाच लागत नाही. 1970 च्या अंतिम सामन्यात साऊथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर पहिल्या दहा मिनिटांत जबडा मोडून घेतल्यावरही शेवटपर्यंत खेळला आणि जिंकला. 2014 ला त्याच क्लबच्या सॅम बर्जेसने गालाचं हाड मोडलेलं असताना सामनावीराचं पदक घेतलं. हे ऐकून माझी आई, जी तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती आणि अंगणात मेथी निवडत होती, म्हणाली, "मुरारबाजी." मी दोघांना पुरंदरची गोष्ट सांगितली: शिर पडलं तरी धड लढत होतं म्हणतात. अस्वलकाका भारावले. वामकाकांनी शंका काढली, की आजचे नियम असते तर स्वतंत्र डॉक्टरने त्याला तपासणीसाठी पंधरा मिनिटं बाहेर नेलं असतं.

ती पंधरा मिनिटांची तपासणी डोक्याच्या माराची. त्या एका नियमाची चेष्टा वामकाका एरवी करत नाहीत. तरुणपणी ते जिल्ह्याच्या संघातून खेळायचे. तीनदा बेशुद्ध पडले आणि तिन्ही वेळा तोंडावर पाणी मारून परत उतरले, हे ते कौतुकाने सांगतात. आज कचऱ्याचा लाल डबा बाहेर ठेवायचा की पिवळा, हे ते मला दर मंगळवारी विचारतात. बहुतेक मंगळवारी दोनदा.

आता माझी दुखापत.

रविवार होता. जेवणं झाली होती. मुलगी चेंडू उंच मारत होती आणि मी मागे मागे जात तो झेलत होतो. इथल्या घरांच्या अंगणात कपडे वाळत घालायला एक लोखंडी झाड असतं, उलट्या छत्रीसारखं, गरगर फिरणारं. ॲडलेडच्या लान्स हिल यांनी 1945 पासून ती बनवायला घेतली, आणि अजून ती जागची हललेली नाहीत. मी हललो. टाळक्यात असा आवाज झाला की आईने आतून विचारलं, "कुकर कुणी पाडला?"

डोळे उघडले तेव्हा मी गवतावर होतो आणि दोन्ही कुंपणांवर एकेक डोकं होतं.

"उठ," उजवीकडचं डोकं म्हणालं. "सॅटलर उठला असता."

"हलू नकोस!" डावीकडचं म्हणालं. "खेळ थांबला आहे का?"

"कुठला खेळ? त्याचीच मुलगी आहे समोर."

"मग थांबवायला कुणी सांगितलं? सांगणाऱ्याने याला दोन मिनिटं बाहेर न्यायला हवं."

मी 'बर्फ' म्हणालो. कुणी ऐकलं नाही. मी नाटक करतोय की नाही, यावर आधी मतदान व्हायचं होतं. शेवटी वामकाका फाटकातून आत आले, नवा गुडघा सांभाळत माझ्यापाशी वाकले आणि अधिकृत प्रश्न विचारायला लागले. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला विचारायचे पाच प्रश्न त्यांना पाठ आहेत.

"आज आपण कोणत्या मैदानावर आहोत?"

"माझ्या अंगणात."

"पहिला हाफ की दुसरा?"

"जेवण झालंय. दुसरा."

"शेवटचे गुण कुणी मिळवले?"

"मी!" मुलगी म्हणाली. तिला गप्प बसवण्यात आलं.

"गेल्या आठवड्यात तू कुठल्या संघाशी खेळलास?"

"मी कशाला कुणाशी खेळू?"

"हं. मागचा सामना तुझा संघ जिंकला का?"

"माझा कुठला संघ?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आठव," वामकाका हळू आवाजात म्हणाले. "घाई नाही."

डोकं ठणकत होतं म्हणून असेल, पण मी खरं बोललो. "पुणे वॉरियर्स."

"जिंकले?"

"ते 2013 नंतर बंद पडले. मग 2016 ला दुसरा संघ आला. रायझिंग पुणे सुपरजायंट्स. पुढच्या वर्षी त्यांनी नावातला शेवटचा एस काढून टाकला."

"कुणी काढला?"

"त्यांनीच. अनेक होते ते एक झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात मुंबईच्या 129 होत्या, आमच्या 128. मग तोही संघ बंद. मुळात दोनच वर्षांसाठी आणला होता. दुसऱ्या दोन संघांवर बंदी होती ना, त्यांच्या जागी."

वामकाका उठले. "जोरात लागलंय," त्यांनी आईला खुणेने सांगितलं. "स्वतःच्या संघाने स्वतःच्या नावातलं अक्षर कापलं म्हणतोय."

अस्वलकाका मात्र कुंपणापलीकडून कधी आले ते कळलं नाही. ते गवतावर माझ्या शेजारी बसले. बसताना त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी हजेरी दिली.

"एका धावेने?"

"एका."

"आणि मग बंदच?"

"बंदच."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग गळ्यातला मफलर काढून माझ्या डोक्याखाली ठेवला. तेवढ्यात आई फ्रीजमधून पळी घेऊन आली आणि तिने ती टेंगळावर अशी दाबली, की सॅटलरसुद्धा ओरडला असता.

दवाखान्यात दाखवून आलो, काही नव्हतं. पण इथल्या नियमाप्रमाणे मार लागलेल्या खेळाडूला अकरा दिवस खेळता येत नाही, आणि तो नियम अंगणालाही लागू असल्याचं कुंपणावर एकमताने ठरलं. अकरा दिवस माझे डबे दुसरंच कुणी बाहेर ठेवत होतं. लाल असो की पिवळा, दोन्ही ठेवत होतं. कपडे बायको वाळत घालत होती आणि दिवस मोजत होती. गवत घोट्यापर्यंत आलं.

बाराव्या दिवशी मी गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं. दोन्हीकडे डोकी हजर. डावीकडच्याच्या हातात घड्याळ. दोरी ओढली, यंत्र गुरगुरलं आणि बंद पडलं. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा जरा जोर लावला आणि कमरेत काहीतरी कटकन वाजलं. मी कंबर धरून खाली बसलो.

"उठ!" दोन्ही कुंपणं म्हणाली. "नाटकं नकोत!"