‘आमच्या ऑफिसात जात कुणी विचारत नाही’

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला: शाळेच्या, सोसायटीच्या आणि भावकीच्या. मथळा, ‘कॉर्पोरेट ट्रेनिंगचं थोतांड’. मजकूर थोडक्यात असा. विविधता, समावेशन, पूर्वग्रह असल्या विषयांवरची ट्रेनिंगं म्हणजे अमेरिकेतून आलेलं खूळ, आणि आता अमेरिकेनेच ते फेकून दिलंय. आपल्याकडे ऑफिसात जात-धर्म कुणी विचारत नाही, काम बघतात. या ट्रेनिंगांचा उपयोग शून्य, हे संशोधनानेच सिद्ध झालंय. आणि परिणाम झालाच तर एवढाच, की पुरुष बायकांशी बोलायला घाबरतात. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी हिंजवडीत नोकरी करते आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीवर आहे. म्हणजे ही ट्रेनिंगं लोकांच्या माथी मारणाऱ्यांपैकीच एक. हे लक्षात ठेवूनच पुढे वाचा.

अमेरिकेचं आधी उरकते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी केंद्र सरकारच्या खात्यांतले असे कार्यक्रम बंद करायला लावले, पाठोपाठ काही बड्या कंपन्यांनीही हात आखडता घेतला, हे खरं. पण नोकरीत वंश, धर्म, लिंग बघून भेदभाव करायला मनाई करणारा त्यांचा १९६४ चा कायदा जागच्या जागी आहे. आणि आपल्याकडच्या ट्रेनिंगांपैकी ज्याची सक्ती आहे, ते कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचं; त्याचं मूळ अमेरिकेत नाही, राजस्थानातल्या भटेरी गावात आहे. सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवी तिथे बालविवाह रोखायला गेल्या, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये असा छळ रोखण्यासाठी ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ मध्ये त्यासाठी कायदा झाला. ठरावीक काळाने कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या, हे त्या कायद्याच्या कलम १९ मध्येच आहे.

आता जातीचं. कुणी विचारत नाही, हे बरोबरच आहे. विचारावी लागत नाही. आडनावावर भागतं. आडनावावरून नाही कळलं तर ‘मूळ गाव कुठलं?’ येतं, मग ‘पाहुणे कुठले तुमचे?’, ‘कुलदैवत कोणतं?’, आणि डबा उघडला की उरलेलं आपोआप. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट असतं असंही नाही. नव्या माणसाशी आपण असेच बोलत आलोय. फक्त त्या गप्पांत आपला कोण आणि परका कोण हे ठरून जातं, आणि वर्षअखेरीच्या रेटिंगच्या वेळी ‘तो जरा टीममध्ये मिसळत नाही’ असं वाक्य कुणाच्या तरी तोंडून निघतं.

यावर अटकळी बांधायची गरज नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी हे तपासून पाहिलं होतं. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना, ६६ आठवड्यांत, ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक नावांचा: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोनतृतीयांश, मुस्लिम नावाला एकतृतीयांश. एकाही अर्जदाराला कुणी जात विचारली नव्हती, कारण अर्जदार अस्तित्वातच नव्हते!

‘काम बघतात’ म्हणणाऱ्यांनी १९१७ चं बडोदं आठवावं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांच्या टेबलावर शिपाई लांबूनच फायली फेकत. पदवी बघायला कुणी थांबलं नाही.

तिसरा मुद्दा, संशोधनाचा. इथे मेसेज लिहिणाऱ्याशी मी निम्मी सहमत आहे. आमच्याकडे दरवर्षी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ येतो. लोक तो आवाज बंद करून एका खिडकीत चालू ठेवतात, दुसऱ्या खिडकीत काम करतात, आणि शेवटच्या दहा प्रश्नांची उत्तरं टीमच्या ग्रुपवर आधीच आलेली असतात. सर्टिफिकेट डाउनलोड, विषय संपला. याने पूर्वग्रह हटेल असं आमच्या एचआरलाही वाटत नाही.

फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शेकडो कंपन्यांची अनेक वर्षांची माहिती तपासून २०१६ मध्ये मांडलं, की ट्रेनिंगची सक्ती केली तिथे पाच वर्षांनी व्यवस्थापकांमधलं कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण वाढण्याऐवजी सरासरी ९ टक्क्यांनी घटलं. सक्तीने माणूस चिडतो. पण त्याच मांडणीतला पुढचा भाग मेसेजवाले सोडून देतात: ऐच्छिक ट्रेनिंगचे परिणाम त्यापेक्षा बरे होते, आणि जिथे वरिष्ठांना नवख्यांच्या मार्गदर्शनाची किंवा भरतीची जबाबदारी दिली, बढत्यांचा जाब विचारणारं कुणी नेमलं, तिथे आकडे हलले. औषधाची मात्रा चुकली म्हणून आजारच नाही असं म्हणता येत नाही.

आमच्या विभागात जे थोडंफार बदललं ते व्हिडिओने नव्हे, मुलाखतीचा कागद बदलल्याने. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आणि आपसात बोलायच्या आधी प्रत्येकाने आपले गुण लिहून टाकायचे. ‘लग्न झालंय का?’ हा रकाना काढला, तेव्हा एक सीनियर मॅनेजर माझ्यावर भडकले. सहा महिन्यांत मुलगी सोडून गेली तर जबाबदार कोण? मी त्यांना मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्यांची यादी दाखवली. बहुतेक मुलगेच होते, जास्त पगारासाठी गेलेले. रकाना परत आला नाही. मॅनेजरसाहेबांचं मन बदललं का, ते काही मी विचारलं नाही.

राहिली पुरुषांची भीती. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असं २०१३ चा कायदा सांगतो. पण जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूदही त्यातच आहे. मेसेजमध्ये दोन्ही नाहीत. आणि ज्यांना स्वतःची काळजी वाटते त्यांनी गोवा विद्यापीठातलं एक प्रकरण वाचावं. विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून एका प्राध्यापकाला बडतर्फ केलं होतं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी पाठवलं, कारण समितीने घाईघाईत चौकशी उरकून त्यांना बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. तक्रारी २००९ च्या. म्हणजे चौदा वर्षांनी पुन्हा चौकशी, त्या मुलींसाठीही आणि त्या प्राध्यापकासाठीही. त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं, की कुठे कुठे समित्या नेमल्यात ते तपासा आणि समितीच्या सदस्यांना चौकशी कशी करायची याचं प्रशिक्षण द्या.