अमन लॉजची शटल म्हणजे माथेरानची गाडी नव्हे

परवा एका मित्रानं फोटो टाकला. अमन लॉज ते माथेरान या माथ्यावरच्या शटलमधला, खिडकीतून हात बाहेर, वर ओळ: 'फायनली माथेरानची राणी केली!' मी मुकाट्यानं बदाम टाकला. पण दोन दिवस झाले, राहवत नाहीये. अरे बाबा, राणी म्हणजे नेरळहून डोंगर चढून येणारी छोटी गाडी, ती तू नाही केलीस. तू तिच्या वाड्याच्या ओसरीवर बसून परत आलास.

अमन लॉज ते माथेरान हे जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, तेही डोंगर चढून झाल्यावर, माथ्यावरून. झाडी छान, लाल माती छान, माकडं तर काय, असतातच. पण ही रेल्वे ज्या कामासाठी बांधली ते काम अमन लॉज यायच्या आधीच उरकलेलं असतं. नेरळ समुद्रसपाटीपासून ४० मीटरवर, माथेरान ८०० मीटरच्या आसपास. मधली साडेसातशे मीटर उंची कशी चढायची, सगळा खेळ त्याचाच आहे.

नकाशावर पट्टी ठेवून बघा. नेरळ ते माथेरान सरळ अंतर सहा-सात किलोमीटर भरतं. तसेच सरळ रूळ टाकले असते तर दर आठ-नऊ मीटरला एक मीटर चढ आला असता. नीलगिरीच्या रेल्वेत रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे, इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकत वर चढतं. तरी तिथला सगळ्यात खडा चढ साधारण १२ ला १ इतकाच आहे. म्हणजे माथेरानची सरळ वाट नीलगिरीच्या दातेरी वाटेहूनही खडी झाली असती.

आणि माथेरानला तर दातेच नाहीत. गुळगुळीत पोलादी चाक, गुळगुळीत पोलादी रूळ, बस. कोरड्या रुळावर इंजिनाची पकड त्याच्या वजनाच्या पाव हिस्सा धरा. २० ला १ चढावर गाडीचा प्रत्येक टन ५० किलोच्या जोरानं मागे ओढतो. गणित सोपं आहे: दहा टनांचं इंजिन स्वतःसकट पन्नास टन ओढेल, तेही कागदावर. वळणांवरची घासाघीस, दव आणि रुळावर पडलेला पाला धरला की त्यातलं निम्मं हाती लागलं तरी खूप. गाडीला डबे मोजकेच का, याचं उत्तर एवढंच आहे. चढ २० ला १ हून खडा होऊ द्यायचा नाही हे एकदा ठरलं, की साडेसातशे मीटरसाठी किमान पंधरा किलोमीटर रूळ लागणारच. त्यात मधल्या स्टेशनांची सपाटी आली, नेरळ सोडल्यावर मोठ्या लाइनीला समांतर धावणारा तुकडा आला, आणि लांबी वीस किलोमीटरच्या पुढे सरकली. लोकांना ही लांबी म्हणजे इंग्रजांच्या काळची हौस वाटते. ती हौस नाही, ती बेरीज आहे.

बरं, लांबी वाढवायची तर ती ठेवायची कुठे? डोंगरावर जागा नाही, म्हणून नागमोडी. इथे दोन फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची, कमाल आहे. रेल्वेच्या आसाची (चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही चाकं एकमेकांना जखडलेली असतात, दोन्ही सारखीच फिरतात. वळणावर मात्र बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. गाडी पूर्ण उलटी फिरली, म्हणजे अर्धवर्तुळ झालं, की ब्रॉडगेजवर हा फरक सव्वापाच मीटर पडतो, आणि ६१० मिलीमीटरच्या या गेजवर दोन मीटरच्या आतच. गंमत म्हणजे वळण मोठं असो वा लहान, फरक तेवढाच राहतो. (मला हे पहिल्यांदा खोटंच वाटलं होतं. कागदावर दोन वर्तुळं काढून बघितली तेव्हा पटलं.) फरक कमी म्हणजे घासणं कमी, म्हणून वळण आणखी आवळता येतं. इथलं सगळ्यात कडक वळण ६० फूट त्रिज्येचं आहे. अशी लहानमोठी वळणं दोनशेहून जास्त. चाकं किंचाळतात ती वळणावर रुळाला घासतात म्हणून.

कालका-शिमला रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली. तिथे १०२ बोगदे आहेत. आपली १९०७ मध्ये सुरू झाली, आणि आपल्याकडे बोगदा एकच, तोही इतका आखूड की नाव पडलं 'वन किस टनेल'. कारण सरळ आहे, पैसा. ही लाइन सर आदमजी पीरभॉय यांच्या घरच्या पैशातून झाली, खर्च सोळा लाख, आणि काम तडीस नेलं त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. डोंगर फोडण्यापेक्षा डोंगराला वळसा घालणं स्वस्त. पण जिथे खर्च करायचा तिथे केलाय. माउंट बॅरीपाशी चढ खडा होतो. दार्जिलिंगला अशा काही ठिकाणी गाडी पुढे-मागे करत झेडच्या आकारात चढवतात. इथे ते टाळून घोड्याच्या नालेसारखा मोठा भराव घातला आणि गाडी न थांबता फिरवली. मला विचाराल तर या लाइनीवरचं सगळ्यात देखणं काम हेच. बोगद्याच्या नावावर सगळे खिदळतात, भरावाकडे कुणी बघत नाही.

इंजिनाचा प्रश्न वेगळाच होता. दम हवा म्हणून तीन आस हवेत, पण तीन आसांचं ताठ इंजिन ६० फुटी वळणात अडकणार. इथे इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप येतात. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे कॅलथ्रॉप, तेच. त्यांच्या आराखड्यावरून जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेलनं चार इंजिनं दिली. त्या इंजिनांचे पुढचे आणि मागचे आस पोकळ होते. आत खरा आस फिरतो, आणि त्याच्यावर बाहेरची पोकळ नळी चाकांसकट थोडी वळते, थोडी बाजूला सरकते. म्हणजे इंजिन कंबर लचकवत वळायचं. ऐंशीच्या दशकापर्यंत वाफेनं काम केलं. वॉटर पाइप हे मधल्या स्टेशनाचं नाव त्याच तहानेची आठवण.

आता माझं खरं म्हणणं. या गाडीचा शत्रू चढ नाही, पाणी आहे. २६ जुलै २००५ च्या पावसानं लाइन वाहून नेली, ती २००७ मध्ये परत सुरू झाली. २०१६ ची गोष्ट वेगळी, अमन लॉजजवळ डबे घसरले, गाडी थांबली, मग डब्यांना एअर ब्रेक बसले. त्याआधी डब्याडब्यावर माणूस हातानं ब्रेक आवळायचा. २०१९ च्या पावसात पुन्हा दरड, पुन्हा भराव खचला, आणि नेरळहून गाडी निघायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. अलीकडच्या अशा बंदमध्ये वरची शटल आधी सुरू होते आणि आपण समाधानी होतो, 'चला, गाडी चालू आहे'. इथेच मला राग येतो. एसी डबा आला, काचेचा डबा आला, त्याच्या बातम्या झाल्या. गटारं, मोऱ्या, संरक्षक भिंती, कातळावरची जाळी, यांचे फोटो कोण काढणार? पण या डोंगरात शंभरावर लहान पूल आणि मोऱ्या आहेत, आणि त्यातली एक तुंबली की तिच्यावरचा भराव गेला. माझ्या हातात असतं तर पुढची पाच वर्षं नवा डबा नाही, आधी पाण्याला वाट.

'दोन-अडीच तास कोण बसणार, टॅक्सीनं अर्ध्या तासात दस्तुरी (अमन लॉजजवळचा गाडीतळ),' असंही ऐकतो. जा की, कोण अडवतंय! पण मग वर जाऊन शटलला राणी म्हणू नका.

तर मित्रा, पाऊस सरला की नेरळहून जाऊ. तिकीट माझ्याकडून. दरीकडची खिडकी धर आणि जुम्मापट्टी स्टेशन सुटल्यावर खाली बघत राहा. मघाशी ज्या रुळावरून आलो तोच पायाखाली पुन्हा दिसतो. हात मात्र आत ठेव. तिथे कातळ फोडताना गाडीपुरतीच जागा केलीये, तुझ्या फोटोपुरती नाही.