पहिले पंधरा राहू द्या, नंतरचे आठ दाखवा

एलिस पार्कची ती रग्बी मॅच मी आतापर्यंत चार वेळा पाहिलीय. 16 ऑगस्ट 2025, जोहान्सबर्ग. समोर जगज्जेती दक्षिण आफ्रिका, सुरुवातीलाच 0-22 अशी पिछाडी, आणि मग ऑस्ट्रेलियाने एकामागून एक 38 गुण काढले. 38-22. त्या मैदानावर वॉलबीज, म्हणजे ऑस्ट्रेलियाची टीम, याआधी जिंकले होते ते 1963 मध्ये! तेव्हापासून जो भेटेल तो सांगतोय की 2027 च्या वर्ल्ड कपला यजमान तयार आहेत.

मला नाही वाटत. आणि मी या टीमचा चाहता आहे, टीकाकार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कमेंटमधली अर्धी भांडणं वाचतील.

त्या एका दुपारच्या पलीकडचं 2025 बघा. वर्षात 15 टेस्ट (रग्बीत आंतरराष्ट्रीय मॅचला टेस्टच म्हणतात), त्यातल्या 5 जिंकल्या, 10 हरल्या. नोव्हेंबरात युरोपात इंग्लंड, इटली, आयर्लंड, फ्रान्स, चौघांकडूनही मार खाल्ला. डब्लिनमध्ये 46-19, पॅरिसमध्ये 48-33. बाकीचं एक वेळ समजू शकतो, पण उदिनेमध्ये इटलीकडून 26-19? तिथे मी लॅपटॉप बंद केला.

आता कोणी म्हणेल, थकले होते, दौरा लांबला होता. बरोबर आहे. पण वर्ल्ड कपसुद्धा लांबच असतो की! 1 ऑक्टोबरला पर्थला सुरू होणार, 13 नोव्हेंबरला सिडनीत फायनल. या वेळी 24 टीम आहेत, गटातून पुढे गेलात की आधी शेवटच्या सोळांची बाद फेरी आणि मग कुठे क्वार्टर फायनल. म्हणजे फायनलपर्यंत सात मॅच. सात मॅच तेच पंधरा जण खेळूच शकत नाहीत. रग्बीत माणसं मोडतात. त्यामुळे टीम तयार आहे का, याचं उत्तर मी पहिल्या पंधरांत शोधतच नाही. तीन महत्त्वाची माणसं बाहेर गेल्यावर मागे काय उरतं, ते बघतो.

2023 आठवतंय? फ्रान्समध्ये जॉर्जियाला 35-15 हरवून सुरुवात झकास झाली होती. मग विल स्केल्टन आणि टॅनिएला टुपो दोघेही जखमी. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीमचे आडदांड गडी रांगा करून एकमेकांना ढकलतात तिथे, एक दुसऱ्या रांगेतला डोंगर, दुसरा पुढच्या रांगेतला खांब. पुढच्याच मॅचला फिजीकडून 22-15, त्यानंतर वेल्सकडून 40-6, आणि इतिहासात पहिल्यांदा ऑस्ट्रेलिया गटातच गारद. सगळा राग तेव्हाचा कोच एडी जोन्सवर निघाला, आणि तो निघायलाच हवा होता. मायकल हूपर आणि क्वेड कूपर या अनुभवी खेळाडूंना घरी ठेवून, दहा नंबरसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या फ्लाय-हाफसाठी, एकच खास माणूस घेऊन वर्ल्ड कपला जाणं हा शुद्ध जुगार होता. पण त्या रागात मूळ दुखणं झाकलं गेलं: स्केल्टनच्या जागी कोण?

दोन वर्षांनी लायन्स, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंची टीम, दौऱ्यावर आले आणि तोच प्रश्न परत समोर. ब्रिस्बेनच्या पहिल्या टेस्टला स्केल्टन नाही, तसाच दुसरा दणकट गडी रॉब व्हॅलेटिनी नाही, हरलो 27-19. मेलबर्नला दोघेही परतले आणि बघता बघता 23-5 अशी आघाडी! मग मध्यंतराला व्हॅलेटिनी बाहेर, थोड्या वेळाने स्केल्टन बाहेर. शेवटच्या क्षणी लायन्सच्या ह्यूगो कीननची ट्राय (चेंडू रेषेपलीकडे टेकवणं), 26-29. त्या शेवटच्या रकवरून (जमिनीवरच्या चेंडूसाठीची झटापट), पंचांच्या निर्णयावरून आजही वाद चालतो. घालायचा त्यांनी घालावा. मला मात्र त्या एका मॅचमध्ये अख्खी टीम उलगडून दिसली. ती दोघं मैदानात असताना आपण कोण असतो आणि नसताना कोण, हे 80 मिनिटांत कळलं.

दहा नंबरचं तर विचारूच नका. 2025 या एकाच वर्षात लोलेसिओ, लायना, ओकॉनर, एडमेड आणि कार्टर गॉर्डन, पाच जणांनी ती जर्सी घालून सुरुवात केली. काही दुखापतींमुळे, काही निवडीमुळे. पण फ्लाय-हाफ दर महिन्याला बदलला तर बाहेरच्या बाजूला खेळणाऱ्या जोसेफ सुआलीला चेंडू वेळेवर मिळणार कसा? रग्बी लीग या खेळाच्या दुसऱ्या प्रकारातून एवढा गाजावाजा करून आणलेला पोरगा, आणि त्याने बऱ्याचदा नुसतं टॅकल करत बसायचं! माझं मत टॉम लायनाला. बाप मायकल लायना 1991 चा विश्वविजेता फ्लाय-हाफ, म्हणून नव्हे. तो शांत डोक्याने खेळतो म्हणून. चुका करेल, करू दे. सलग दहा टेस्ट द्या आणि मग बोला.

कोचचीही अदलाबदल आहे. जो श्मिटकडून 2026 च्या मध्यावर सूत्रं लेस किसकडे, असं आधीच ठरलं. याची मला फारशी काळजी नाही. दोघांनी आयर्लंडमध्ये एकत्र काम केलंय, भाषा एकच आहे. श्मिटने जोन्सच्या राखेतून टीम उभी केली, हे श्रेय त्याचंच. पण किसच्या हाती स्पर्धेआधी सव्वा वर्षच उरतं, आणि त्यात नवं काही शिकवण्यापेक्षा दुसरी फळी शोधणं जास्त गरजेचं आहे. मेलबर्न रेबेल्स 2024 मध्ये बंद पडल्यावर सुपर रग्बी या क्लब स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचे चारच संघ उरले. खेळाडू कमी नाहीत, पण मोठ्या मॅचमध्ये घासून निघायला जागा कमी झाली.

त्यात ड्रॉ. रँकिंगमध्ये पहिल्या सहांत नसल्यामुळे यजमान असूनही न्यूझीलंडच्याच गटात. सोबत चिली आणि हाँगकाँग चायना. गटातून बाहेर पडणार, त्यात शंका नाही. पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला ब्लेडिस्लो कप 2003 पासून तिकडेच आहे, तेव्हा गटात पहिले येऊ असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

तर यापुढे टेस्टच्या आधी टीम जाहीर झाली की मी सोळा ते तेवीस नंबर, म्हणजे बदली खेळाडू, आधी वाचणार. स्केल्टन बसल्यावर कोण उठतो ते बघायचंय.